कावळ्याच्या घरट्यावर पहारा : चोपडा येथील प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जुलै 2024

12 एप्रिल

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे कधी आणि कशी घालते, त्या वेळी कावळे काय करतात आणि पुढे त्या पिलांचे काय होते, हे घरट्याला हात न लावता एकाच जागेवरून संपूर्ण हंगामभर टिपायचे, असे या वर्षीचे काम ठरवले आहे. चोपड्यातील आमच्या घराची गच्ची त्यासाठी सोयीची आहे. मागच्या बोळात जुना पिंपळ आणि पूर्वेच्या कुंपणालगत कडुनिंब असून दोन्ही झाडांवर दरवर्षी कावळे घरटी बांधतात, आणि मार्च संपता संपता कोकीळ पहाटे साडेचारपासून ओरडू लागतो.

माझ्या मनात आधी वेगळाच प्रयोग होता. इंग्लंडमध्ये विकेन फेन या पाणथळ जागी निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी 1980 च्या दशकात तिकडची कोकिळा ज्यांच्या घरट्यात अंडे घालते अशा बोरू-वटवट्या या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांत रंगवलेली खोटी अंडी ठेवली होती आणि वेगळी दिसणारी अंडी हे पक्षी बाहेर टाकतात, मिळतीजुळती दिसणारी मात्र बऱ्याचदा ठेवून घेतात, हे त्यातून दाखवले होते. तसेच काहीतरी प्लास्टर ऑफ पॅरिसची अंडी करून इथे करावे, असे मला वाटत होते. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार रानपक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना त्रास देणे हीदेखील शिकारच ठरते आणि अशा प्रयोगासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते. हे समजल्यावर तो विचार सोडला. ही नोंद वाचून कोणी असे काम हाती घेणार असेल, तर त्याने घरट्यात डोकावण्यासाठी झाडावर चढणे किंवा काठीला आरसा बांधणे टाळावे. जे उंचावरून आणि दुरून दिसेल, तेवढ्यावरच हे काम उभे करावे.

17 एप्रिल

पहिले सहा दिवस वाया गेले. पिंपळावरच्या जोडीने आधी बांधकाम सुरू केले म्हणून मी तेच घरटे निवडले आणि पश्चिमेच्या कठड्याला बांबू बांधून टाकले. घरटे पुरे झाल्यावर लक्षात आले, की ते गच्चीच्या पातळीपेक्षा आठ-दहा फूट वर आहे आणि मला फक्त त्याचा तळ दिसतो. काड्यांच्या त्या तळातून आतले काहीही कळणार नव्हते. घरटे निवडताना ते आपल्या डोळ्यांच्या खाली असले पाहिजे, ही एवढी साधी बाब मी पहिल्या दिवशी तपासायला हवी होती.

सुदैवाने कडुनिंबावरच्या जोडीने परवापासून काड्या आणायला सुरुवात केली आहे. ही जागा पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरून सुमारे चार फूट खाली आणि सोळा फूट दूर आहे. शेजारी स्लॅबचे काम चालू असल्यामुळे कावळे तिथली बाइंडिंग तार उचलून आणत आहेत. आज सकाळी एका कावळ्याने वितभर लांबीची तार चोचीत मध्यभागी धरून आणली. ती फांद्यांत अडकली, तेव्हा त्याने ती पायाखाली दाबून एक टोक वाकवले आणि मग काड्यांच्या कडेत खोचली. हे चार मिनिटे चालले होते.

20 एप्रिल

जवळून दिसावे या हव्यासाने मी कठड्याच्या टोकाला, घरट्यापासून सात फुटांवर, हिरव्या शेडनेटचे लपण उभारले आणि त्यात बसलो. दहाव्या मिनिटाला मागून टाळक्यावर पंजा बसला. नंतर दोन्ही कावळे आळीपाळीने लपणावरच झेप घेऊ लागले आणि त्यांच्या ओरडण्याने आसपासचे पंधरा-वीस कावळे गोळा झाले. मी लपण काढले, तरी पुढचे दोन दिवस त्या जोडीने एकही काडी आणली नाही आणि घरटे सोडले जाणार अशी मला धास्ती वाटली.

आज ते परत कामाला लागले आहेत. जागा आता टाकीच्या ओट्यावर हलवली आहे आणि लपणाऐवजी फक्त एक रिकामे थर्मोकोलचे खोके तिथे ठेवले आहे. औषधांच्या दुकानातून ते फुकट मिळाले. कावळे त्याला सरावले की आत कॅमेरा ठेवायचा. मी मात्र तिथे बसायचे नाही, कारण कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात आणि गच्चीवर वाळवण घालायला जाणाऱ्या आईला जे काही करत नाहीत, ते मला पाहताच करतात.

28 एप्रिल

आतापर्यंतचा खर्च लिहून ठेवतो. जळगावहून आणलेला जुना व्हिडिओ कॅमेरा 7,200 रुपये, मेमरी कार्डे तीन मिळून 1,650, बांबू, शेडनेट आणि सुतळी 940, पॉवर बँक 1,300. एकूण 11,090 रुपये. त्यांपैकी एक कार्ड पहिल्याच दिवशी बिघडले आणि दुकानदाराने ते बदलून दिले नाही. लपणासाठी आणलेले शेडनेटही त्या कामी आले नाही.

उन्हाचा प्रश्न मात्र खर्चाहून मोठा ठरला. पारा 43 अंशांवर गेला की दुपारी एकच्या सुमारास कॅमेरा तापून आपोआप बंद पडतो आणि संध्याकाळपर्यंत सुरू होत नाही. पहिल्यांदा मी खोक्यावर ओले गोणपाट टाकले. त्याने खोके गार झाले, पण आतल्या दमटपणामुळे भिंगावर वाफ धरली आणि दोन दिवसांचे चित्रण धुरकट आले. आता खोक्याच्या मागची बाजू पूर्ण कापून टाकली आहे आणि वर हातभर अंतर सोडून शेडनेटचे दोन पदर ताणले आहेत, म्हणजे मधून वारा खेळतो. गेले तीन दिवस कॅमेरा एकदाही बंद पडलेला नाही.

दुसरी अडचण कार्डाची होती. पूर्ण दर्जाचे चित्रण केले, तर 64 जीबीचे कार्ड अकरा तासांत भरते आणि ते बदलायला भर दुपारी ओट्यावर जावे लागते. मी गेलो की कावळे घरटे सोडून माझ्या अंगावर येतात, म्हणजे मीच घरटे उघडे पाडतो. म्हणून चित्राचा दर्जा कमी केला. ठिपके थोडे अंधूक दिसतात, पण पहाटे पावणेसहा ते संध्याकाळी सात एवढा वेळ एकाच कार्डात मावतो. असे काम करणाऱ्याने सुंदर छायाचित्राचा मोह सोडून सलग चित्रण पत्करावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

1 मे

आज माझ्याकडून एक गंभीर चूक घडली. कोकीळ ओरडल्यावर कावळे काय करतात हे पाहण्यासाठी मी शेजारच्या धाब्याच्या घराच्या भिंतीमागे उभे राहून मोबाइलवर नराचा आवाज लावला. तिसऱ्या कुहूला दोन्ही कावळे घरट्यावरून सुटले आणि माझ्या दिशेने आले. घरटे जवळपास एक मिनिट रिकामे होते. त्यात अजून अंडे नव्हते म्हणून नुकसान झाले नाही, परंतु मी त्या क्षणी नेमके कोकिळाचे काम केले होते.

नर आपल्या आवाजाने कावळ्यांना अंगावर ओढून घेतो आणि मादी त्या संधीत घरट्यात शिरते, हे मी वाचलेले होते. तरी ते इतके सरळ चालत असेल, असे मला वाटले नव्हते. कावळ्याला कोकिळाचा राग आहे आणि तोच राग त्याला घरट्यापासून दूर नेतो. आवाज पुन्हा लावायचा नाही, असे ठरवले आहे, आणि इतरांनीही विणीच्या काळात तो लावू नये.

5 मे

3 तारखेला पहिले अंडे दिसले, 4 तारखेला दुसरे. कावळी उठून उभी राहिली की टाकीच्या बाजूने घरट्याचा खळगा दिसतो. अंडी फिकट निळसर हिरवी असून त्यांवर तपकिरी ठिपके आहेत. दोन्ही अंड्यांवरचे ठिपके सारखे नाहीत, एकावर ते रुंद टोकाकडे दाटलेले आहेत. आज सकाळी साडेसहाला तीन अंडी मोजली.

संध्याकाळी साडेसहाला चार मोजली. मी ते वहीत लिहिले आणि त्याचा अर्थ न लावता झोपलो.

8 मे

सकाळी वही चाळताना 5 तारखेच्या नोंदीवर नजर अडकली. एक मादी दिवसाला एकच अंडे घालते, मग सकाळी तीन असलेली अंडी संध्याकाळी चार कशी झाली? 6 तारखेला आणखी एक अंडे वाढून पाच झाली होती, म्हणजे कावळीचा क्रम चालूच होता आणि 5 तारखेचे एक अंडे जास्तीचे होते.

त्या दिवसाचे चित्रण मी आठपट वेगाने पाहिले होते आणि मला काहीच दिसले नव्हते. आज ते मूळ वेगाने पाहायला बसलो. सकाळी 9 वाजून 47 मिनिटांनी सापडले. आधी चौकटीच्या बाहेरून नराचा आवाज येतो. कावळी मान वर करते, तिचा जोडीदार वरच्या फांदीवरून उडतो आणि चौथ्या आवाजाला तीही उठते. तिचे शेपूट चौकटीतून बाहेर गेल्यावर सहा सेकंद काहीच हलत नाही. मग खालच्या पानांतून ठिपक्या-ठिपक्यांची तपकिरी मादी वर येते. ती उडत येत नाही, फांदीवरून सरपटल्यासारखी येते. घरट्याच्या काठावर टेकते, आत वळते, अंग खाली दाबते, शेपूट एकदा थरथरते आणि ती सरळ खाली झेप घेऊन दिसेनाशी होते. काठाला पाय लावल्यापासून निघेपर्यंत अकरा सेकंद. आठपट वेगात हा सारा प्रसंग दीड सेकंदापेक्षाही कमी वेळात डोळ्यांसमोरून गेला होता. कावळी परत येते, घरट्यात पाहते, चोचीने अंडी सरकवते आणि बसते.

नंतरच्या चित्रात ते अंडे ओळखता येते, कारण ते इतर अंड्यांपेक्षा लहान आहे. रंग आणि ठिपके मात्र असे आहेत, की आकार झाकला तर मी त्याला कावळ्याचेच म्हणेन. कोकिळेने कावळ्याचे एकही अंडे उचललेले नाही. कधी कधी ती उचलते, पण प्रत्येक वेळी नाही.

पाहण्याची पद्धत आता बदलली आहे. दोनपट वेगापलीकडे जायचे नाही, आणि वेळ वाचवण्यासाठी आधी आवाजाची पट्टी ऐकून नराच्या ओरडण्याच्या आसपासचा भाग तेवढा सावकाश पाहायचा. एका दिवसाच्या चित्रणाला त्यामुळे तीन तासांच्या आसपास लागतात. आणखी एक चूक इथे नोंदवतो. युरोपातली कोकिळा दुपारी अंडी घालते, हे वाचून मी माझे लक्ष दुपारच्या चित्रणावर ठेवले होते. आपल्याकडची कोकिळा वेगळ्या जातीची आहे आणि तिकडचे वेळापत्रक तिला लावण्याचे काहीच कारण नव्हते. माझ्या एका नोंदीवरून सकाळची वेळ हा नियम आहे, असेही कोणी मानू नये.

10 मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज घराघरांत घागर भरली गेली, पितरांच्या नावाने आगारी टाकली गेली आणि प्रत्येक गच्चीवर कावळ्यासाठी घास ठेवला गेला. कडुनिंबाच्या जोडीतील एकाने आमच्या गच्चीवरून खापरावरच्या पोळीचा तुकडा उचलला आणि घरट्यावर बसलेल्या जोडीदाराला नेऊन भरवला. दुसरा तुकडा शेजारच्या गच्चीवर पडलेला पाहून मात्र बसलेलाही उठला आणि घरटे तीन मिनिटे उघडे राहिले. या हंगामात मी पाहिलेला तो सर्वांत मोठा उघडा काळ होता.

शेजारच्या आजींना मी 5 तारखेचे चित्रण दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि विचारले, "कावयाले समजस नही का भाऊ?" हाच प्रश्न मीही महिनाभर घेऊन बसलो आहे. अंडे पाहून त्याला समजत नाही, एवढे तर दिसते. पण कोकिळेला पाहिल्यावर त्याला सारे समजते, कारण 7 तारखेला त्याच मादीने किंवा दुसरीने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कावळ्याने तिला काठावरच गाठून पानांतून खाली लोटले. त्याचा एक पुरावा माझ्याकडे आहे. पांढुरक्या पट्ट्यांचे तपकिरी पीस कुंपणाजवळ सापडले, ते जागेवरच ठेवून त्याचे छायाचित्र घेतले.

12 मे

दोन दिवस विचार केल्यावर माझ्या मांडणीतला मूळ दोष लक्षात आला. मी कॅमेरा घरट्याच्या खळग्यावर रोखला होता, कारण झुंज अंड्यावर होते, असे मी धरून चाललो होतो. विकेन फेनच्या वटवट्यांच्या बाबतीत ते खरे आहे. तिथे यजमान, म्हणजे ज्याच्या घरट्यात अंडे घातले जाते तो पक्षी, अंडे पारखतो, म्हणून कोकिळेचे अंडे पिढ्यानुपिढ्या अधिकाधिक हुबेहूब होत गेले. आमच्या कडुनिंबावर अंडे एकदा आत पडले की कावळा हरलेलाच असतो. त्याची सारी लढत घरट्याबाहेर, पहाऱ्यात आहे. कोकिळांची बाजूही तिथेच घडत गेलेली दिसते: नर आवाजाने हाकारतो, कावळ्यासारखाच काळा असून समोर येतो आणि पाठलाग ओढवून घेतो, तर मादी ठिपकेदार, पानांत मिसळणारी, घरट्याकडे येताना आवाज न करणारी आणि अकरा सेकंदांत काम उरकणारी असते.

म्हणून या कॅमेऱ्याची चौकट रुंद केली. आता घरटे चौकटीच्या कोपऱ्यात आहे आणि खालच्या फांद्या, विजेचा खांब व कुंपण दिसते. या घरट्यात अंडी घालण्याचे दिवस मात्र संपले होते, त्यामुळे पहाऱ्याचा अभ्यास करायला दुसरे घरटे हवे होते. ते खालच्या गल्लीतल्या चिंचेवर मिळाले. तिथल्या जोडीचे आधीचे घरटे पडल्यामुळे ती उशिरा बांधत आहे. त्या घराच्या काकांनी जिन्याच्या खिडकीत मोबाइल ठेवू दिला.

18 मे

कोकिळेच्या अंड्यातून आज, तेराव्या दिवशी, पिल्लू बाहेर आले. ते कोकिळेचेच आहे हे मी दिवस मोजून म्हणतो, कारण कावळ्याच्या अंड्याला सोळा-सतरा दिवस लागतात. ही तीन-चार दिवसांची आघाडी म्हणजे कोकिळेच्या बाजूचे मोठे हत्यार आहे. अंडे दोन दिवस उशिरा घातले, तरी पिल्लू यजमानाच्या पिलांआधी चोच उघडून बसलेले असते.

मी आज दिवसभर वाट पाहिली, की ते उरलेली अंडी बाहेर ढकलते का. एडवर्ड जेन्नर, ज्याचे नाव आपण देवीच्या लशीमुळे ओळखतो, त्याने 1788 मध्ये युरोपातल्या कोकिळेचे आंधळे, पिसे नसलेले पिल्लू पाठीवर अंडी तोलून घरट्याबाहेर लोटते, हे लिहिले होते. आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा तसे करत नाही. ते इथेही स्वस्थ पडून होते.

22 मे

20, 21 आणि आज अशी कावळ्याची तीन पिल्ले बाहेर आली. चौथे अंडे तसेच आहे. पारा 44 वर आहे आणि बसलेली कावळी चोच उघडी ठेवून, पंख थोडे पसरून पिलांवर सावली धरते.

27 मे

धाकटी दोन कावळ्याची पिल्ले गेली. एकाला 25 तारखेला आणि दुसऱ्याला आज कावळ्यानेच उचलून नेले. कोणी त्यांना मारले नाही. प्रत्येक वेळी अन्न आले की कोकिळेचे पिल्लू सर्वांत आधी आणि सर्वांत उंच मान करते, थोरले कावळ्याचे पिल्लू त्याच्या बरोबरीने करते आणि मागच्या दोघांपर्यंत चोच पोहोचायच्या आत घास संपतो. आज सकाळच्या दोन तासांत मी एकोणीस घास मोजले. त्यांतील अकरा कोकिळेच्या पिलाने घेतले, आठ थोरल्याने, आणि धाकट्याच्या वाट्याला एकही आला नाही. हे मोजताना हात थांबत होता. खाली उतरून काही करावे असे वाटले, पण मी इथे पाहायला बसलो आहे आणि पाहणेच केले.

ज्या पिलाचे खरे आईबाप वड-पिंपळ-उंबराची फळे खातात, त्याला इथे उंदराचे तुकडे, केळीचा गर, कळण्याच्या भाकरीचा चुरा आणि एकदा पालीचे शेपूट भरवले गेले. ते सारे त्याने पचवले.

आजींचा प्रश्न पिलाबाबत अधिकच टोकदार होतो, कारण अंडी सारखी असली तरी आता फरक दिसतो: कोकिळेच्या पिलाची चोच बारीक आहे आणि कावळ्याच्या पिलाची जाड, भारी. असे पिल्लू ओळखून सोडून देणारे यजमान जगात आहेत. ऑस्ट्रेलियातील सुपर्ब फेअरी-रेन हा चिमुकला पक्षी हॉर्सफील्डच्या ब्राँझ कोकिळेची सुमारे 40 टक्के पिल्ले टाकून देतो, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाओमी लँगमोर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. तिथे कोकिळेचे पिल्लू यजमानाचे सारे घरटे रिकामे करते, म्हणून त्याला सोडून नवी वीण सुरू करण्यात यजमानाचा फायदा आहे. आमच्या कावळ्याचे एक पिल्लू अजून जिवंत आहे. घरटे सोडले तर तेही जाईल. मला वाटते, कावळ्याला हा पक्षी इतका परवडतो की त्याच्यात नकाराची सवय रुजली नाही.

29 मे

चिंचेवरच्या घरट्याच्या नऊ दिवसांच्या नोंदी पुऱ्या झाल्या. कोकिळेच्या चौदा चकरा दिसल्या. त्यांतील बारा वेळा ती खालच्या फांदीपर्यंतच पोहोचली आणि हाकलली गेली. दोनदा ती काठावर आली आणि दोन्ही वेळा नर आधी ओरडला होता. ज्या वेळी दोन कावळ्यांपैकी एकजण बसूनच राहिला, त्या वेळी ती एकदाही पुढे आली नाही. या घरट्यावर पाहुणे अंडे पडले की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण खळगा खिडकीतून दिसत नव्हता. कडुनिंबावर मला खळगा दिसत होता आणि भोवताल दिसत नव्हता. इथे नेमके उलटे झाले. दोन कॅमेरे एकाच घरट्यावर लावायला हवे होते.

4 जून

काल रात्री वादळी पाऊस झाला. केळीच्या बागा आडव्या झाल्या असे सकाळी कानावर आले. कडुनिंबाचे घरटे एका बाजूला कलले आहे, पण तारेमुळे फांदीला धरून राहिले. शेडनेट उडाले आणि थर्मोकोलचे खोके फुटले. कॅमेरा संध्याकाळी घरात आणायची सवय ठेवली होती म्हणून वाचला. दोन दिवसांचे चित्रण बुडाले. दोन्ही पिल्ले जिवंत आहेत आणि कलंडलेल्या काठाला पंजे रोवून बसली आहेत.

9 जून

कोकिळेचे पिल्लू बाविसाव्या दिवशी घरट्याबाहेर फांदीवर आले. अंग काळे, पंखांवर पांढुरके ठिपके. भुकेने ओरडते तेव्हा मला तो आवाज कावळ्याच्या पिलाचाच वाटतो आणि डोळे मिटून ऐकले तर दोघांतला फरक करता येत नाही. कावळ्याचे पिल्लू अजून आतच आहे.

30 जून

18 तारखेला कावळ्याचे पिल्लूही बाहेर आले. तेव्हापासून दोन्ही पिल्ले कडुनिंब, चिंच आणि विजेच्या तारा यांवर फिरतात आणि कावळे दोघांनाही भरवतात. आज सकाळी एक प्रौढ कोकिळा त्याच झाडावर फळ खाऊन गेली. पिलाच्या पालकांनी तिला नेहमीसारखे पिटाळले आणि परत येऊन तिच्याच जातीच्या पिलाला घास दिला.

14 जुलै

अडावदच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, बाभळीच्या काट्यांत, सातभाईंचे घरटे होते. पाऊस सुरू झाल्यावर तिथे चातक दिसू लागला आणि पावशाचे "पेरते व्हा" तर जूनपासूनच चालू होते. हे दोन्ही पक्षी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. मी तिथे मोबाइल लावून आठ दिवस पाहिले आणि हाती काहीच लागले नाही. काटे आड येत होते, आणि सातभाईंची अंडी निळी, चातकाचीही निळी आणि पावशाचीही निळी असल्यामुळे जे थोडे दिसले त्यावरून काही ठरवता येईना. कावळ्याकडे निदान आकाराचा फरक होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली. पावशा बांधावर आला की सातभाईंची सारी टोळी शिक्रा हा शिकारी पक्षी आल्यासारखा कलकलाट करते, आणि खरोखरच त्याची छाती, शेपटीवरचे पट्टे आणि उडण्याची ढब शिक्र्यासारखीच आहे. टोळी ओरडत झुडपात शिरते आणि घरटे मोकळे राहते. कोकीळ डिवचून कावळ्यांना घरट्यापासून दूर नेतो, तर पावशा बहुधा भीती घालून तेच साधतो. मी हे दोनदाच पाहिले आहे. पुढच्या वर्षी इथे अधिक दिवस द्यायचे आहेत.

28 जुलै

त्या बांधावर आज सकाळी सातभाई जमिनीवर पाला उलटीत होते. त्यांच्यापैकी एकाच्या मागे, बाभळीच्या खालच्या फांदीवर, त्याच्यापेक्षा मोठे, छातीवर तपकिरी रेघा असलेले पावशाचे पिल्लू पंख थरथरवत ओरडत होते. सातभाईने टोळ पकडला, त्याचे पाय तोडले आणि वर उडून त्याला भरवला. मग दुसरा आला, मग तिसरा. वीस मिनिटांत टोळीतल्या चौघांनी त्याला घास दिले.

घरी येऊन टाकीच्या ओट्यावर नवे खोके बांधून ठेवले आहे. आत काहीही नाही. कडुनिंबाची जोडी रोज त्यावर येऊन बसते, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ते तसेच राहू द्यायचे आहे. दुसरे खोके खाली कुंपणाच्या खांबाला, फांद्यांकडे तोंड करून लावायचे आहे.